मूसचं मटण विकत मागणाऱ्या माझ्या मराठी मंडळींना

कॅनडातल्या सास्काटून आणि आजूबाजूच्या गावांतल्या समस्त मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला. "रिझर्व्हवर कुणाची ओळख आहे का? मूसचं मटण हवंय, दहा-बारा किलो. पैसे रोख देऊ." मूस म्हणजे इथलं ते भलंमोठं रानहरीण, आणि रिझर्व्ह म्हणजे इथल्या आदिवासींसाठी राखून ठेवलेली जमीन. खाली पटापट अंगठे उमटले. "आम्हालाही सांगा." "दिवाळीच्या पार्टीला मस्त होईल." आणि मग ते वाक्य आलं, जे आपल्या घरांत मी बरेचदा ऐकलंय: "त्यांना काय, बारा महिने फुकट शिकार. आपण मात्र लायसन्स काढायचं आणि लॉटरीत नंबर लागायची वाट बघायची."

त्या रात्री मीही काही लिहिलं नाही. ग्रुपवर वाद नको, असं मनाला सांगितलं आणि फोन उलटा ठेवला. ती चूक होती. म्हणून हे पत्र, जरा लांबलचक. मेसेज ज्यांनी टाकला त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी जे मागितलं तेच मी चौदा वर्षांपूर्वी केलं होतं, आणि माझ्याकडून तर ते समोरासमोर घडलं.

मी तेव्हा नुकतीच इथे आले होते. एका वृद्धाश्रमात केअर एड म्हणून लागले. तिथल्या स्वयंपाकघरात काम करणारी क्री या इथल्या आदिवासी समाजातली एक बाई माझी पहिली मैत्रीण. थँक्सगिव्हिंगला ती मला आपल्या आईकडे घेऊन गेली, सास्काटूनच्या उत्तरेला त्यांच्या रिझर्व्हवर. इथे आजीला सगळे 'कोकम' म्हणतात. मी सिंधुदुर्गातली. आपल्या अंगणातल्या झाडाचं नाव जगाच्या दुसऱ्या टोकाला म्हातारीला मिळालेलं ऐकून मला रडूच आलं. निघताना कोकमने फ्रीझर उघडला आणि गुलाबी कागदात बांधलेले दोन गठ्ठे माझ्या हातात ठेवले. तिच्या नातवाने मारलेला मूस होता. मी काय केलं? पर्समधून वीस-वीसच्या दोन नोटा काढल्या आणि तिच्या हातात कोंबायला लागले.

तिने हात मागे घेतला. रागावली नाही, पण खोली एकदम गप्प झाली. परतीच्या वाटेवर मैत्रीण म्हणाली, "तू ते पैसे दिले असतेस आणि तिने घेतले असते, तर माझा भाचा गुन्हेगार झाला असता. आणि तिने घेतले नाहीत ते कायद्याच्या भीतीने नाही."

या दोन वाक्यांचा अर्थ लागायला मला बरीच वर्षं गेली.

आधी कायद्याचं सांगते, कारण ते तातडीचं आहे. मॅनिटोबा, सास्कॅचेवान आणि अल्बर्टा या तिन्ही प्रेअरी, म्हणजे गवताळ मैदानांच्या, प्रांतांत फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे क्रींसारख्या आदिवासी समाजांच्या, लोकांना सरकारशी झालेल्या कराराच्या हक्काने पोटासाठी शिकार करता येते. ते मांस विकता येत नाही. विकणारा आणि विकत घेणारा दोघेही कायद्याच्या कचाट्यात येतात, पण तोल सारखा नसतो. आपल्याला दंड होईल, चारचौघांत मान खाली जाईल. त्याची बंदूक जाईल, गाडी जप्त होईल, आणि त्याच्या घरातल्या आठ-दहा माणसांचं हिवाळ्याचं मांस जाईल. फुकट देण्याचेसुद्धा नियम आहेत. कुणाला देता येतं, सोबत लेखी चिठ्ठी लागते का, किती दिवस ठेवता येतं, हे प्रांतागणिक वेगळं आहे आणि बदलत राहतं. तेव्हा "भेट" म्हणून काही घरी आणण्याआधी प्रांताच्या वन्यजीव खात्याला फोन करून विचारा. तो फोन आपण करायचा, देणाऱ्याला करायला लावायचा नाही.

हा विक्रीबंदीचा कायदा आला कुठून, ते कळलं की "फुकट शिकार" हे शब्द तोंडातून निघत नाहीत.

आपण राहतो ती जमीन सहाव्या कराराची, म्हणजे सरकारने इथल्या आदिवासींशी एकामागून एक केलेल्या क्रमांकाच्या करारांपैकी सहाव्याची. ऑगस्ट 1876 मध्ये फोर्ट कार्लटन इथे तो झाला. सास्काटूनहून गाडीने तासाभरावर आहे. पाहुणे आले की आपण त्यांना बॅन्फ दाखवायला नेतो, तिथे कधी नेत नाही. ब्रिटनच्या राणीच्या वतीने अलेक्झांडर मॉरिस आले होते. समोर मिस्तावासिस, अहताहकाकूप हे क्री प्रमुख. बायसनचे, म्हणजे इथल्या रानगव्यांचे, कळप डोळ्यांदेखत संपत चालले होते, देवीच्या साथीने माणसं गेली होती, म्हणजे पोटाचा प्रश्न दाराशी उभा होता. वाटाघाटी चालल्या असताना पाउंडमेकर नावाचा तरुण उभा राहिला आणि म्हणाला, ही आमची जमीन आहे, पेमिकनचा तुकडा नव्हे की कापून थोडा थोडा आम्हालाच परत द्यावा. पेमिकन म्हणजे बायसनचं वाळवलेलं, कुटलेलं मांस, त्यात चरबी आणि बोरांसारखी रानफळं. ज्या फळावरून आपल्या शहराचं नाव पडलं, ते सास्काटून बेरीसुद्धा त्यात घालत. माणसाने जमिनीसाठी उपमा दिली ती मांसाच्या वाट्याची, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

मॉरिस यांनी तेव्हा दिलेलं आश्वासन त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवलंय. मी जे देऊ करतो आहे ते तुमचं जगणं हिरावून घेत नाही, ते आज आहे तसंच राहील, आणि हे त्याच्या वर आणखी असेल, असा त्याचा आशय. लिहिलेल्या करारात मात्र दोन शेपट्या जोडल्या: सरकार वेळोवेळी करील त्या नियमांच्या अधीन राहून, आणि वस्ती, खाणी, लाकूडतोड यांसाठी लागेल ती जमीन वगळून. क्री लोकांकडे करार कागदावर नव्हता, तोंडी होता. त्यांचे वडीलधारे आजही सांगतात की आम्ही जमीन विकली नाही, नांगराचा फाळ जाईल तेवढी वापरायला दिली. वाटून खायचं ठरलं होतं. सरकारने त्याबदल्यात माणशी दरसाल पाच डॉलर कबूल केले. आजही पाचच डॉलर देतात.

पाच डॉलर! आपण टिम हॉर्टन्समध्ये कॉफीच्या एका फेरीला देतो तेवढे.

त्यानंतरचं वाचताना मला सगळ्यात जास्त टोचलं ते एक कलम. 1881 मध्ये कायदा झाला की प्रेअरीतल्या आदिवासीने पिकवलेलं धान्य सरकारी एजंटच्या परवान्याशिवाय विकायचं नाही. म्हणजे शिकार संपली म्हणून शेती करा म्हणायचं, आणि शेती केली की विकू द्यायचं नाही. 1895 मध्ये त्याहून पुढची पायरी: ज्या समारंभात वस्तू वाटल्या जातात, दिल्या जातात, असा समारंभ करणं हाच गुन्हा. पश्चिम किनाऱ्यावर पॉटलॅच नावाचा असाच वाटपाचा समारंभ होता, त्यावर त्याआधीच बंदी आली होती. इकडे मैदानात सुगीनंतर, कुणी गेल्यानंतर, कुणाला नाव दिल्यानंतर घरातल्या चीजवस्तू गावाला वाटून टाकायची चाल होती. ती 1951 पर्यंत कायद्याने बंद होती. विकलं तर गुन्हा, वाटलं तर गुन्हा. माणसाने आपल्या हाताने मिळवलेल्या वस्तूचं करायचं तरी काय?

मग 1930. नैसर्गिक संपत्तीचा ताबा केंद्राकडून प्रेअरी प्रांतांकडे देताना जो करार झाला, त्यात आदिवासींचा शिकारीचा हक्क "अन्नासाठी" एवढ्यापुरता ठेवला. बारा महिने, सरकारी मोकळ्या जमिनीवर आणि जिथे त्यांना जायचा हक्क आहे तिथे. ग्रुपवर ज्याला "फुकट बारा महिने" म्हटलं गेलं, ते हे. त्या बदल्यात गेला तो व्यापाराचा हक्क, आणि तो करार करताना आदिवासींना कुणी विचारलंही नव्हतं. सुप्रीम कोर्टाने 1990 मध्ये हॉर्समन खटल्यात हेच शिक्कामोर्तब केलं. तो माणूस आठव्या कराराच्या प्रदेशातला. मूसच्या शिकारीला गेला असताना अस्वल अंगावर आलं, जीव वाचवायला त्याने ते मारलं. वर्षभराने हातात पैसे नव्हते म्हणून त्याने कातडं दोनशे डॉलरला विकलं. शिक्षा कायम झाली, सात न्यायाधीशांत चार विरुद्ध तीन. 1996 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या व्हॅन डर पीट बाईंचा खटला झाला. दहा सामन मासे, पन्नास डॉलर. त्याही हरल्या.

दहा मासे पन्नासला. माझ्या दोन नोटा चाळीसच्या होत्या.

हे सगळीकडे असंच आहे असं मात्र नाही, आणि आपल्या माहितगार मंडळींनी हे लक्षात घ्यावं. उत्तर टोकाकडच्या नुनावुत प्रदेशाच्या 1993 च्या करारात साफ लिहिलंय की रीतसर मारलेला प्राणी तिथला इनुइट आदिवासी माणूस कुणालाही देऊ शकतो, विकू शकतो, अदलाबदल करू शकतो, नुनावुतच्या आत आणि बाहेरही. 1999 मध्ये मार्शल खटल्यात सुप्रीम कोर्टाने अटलांटिक किनाऱ्यावरच्या मिगमॉ आदिवासींचा माफक उपजीविकेपुरता मासे विकायचा हक्क अठराव्या शतकातल्या करारांवरून मान्य केला. न्यूफाउंडलंडमध्ये तर परवाना असलेल्या हॉटेलात मूस ताटात मिळतो. म्हणजे प्रेअरीतली बंदी ही काही निसर्गाने घातलेली नाही. माणसांनी, एका विशिष्ट काळात, विशिष्ट हेतूने घातलेली आहे. उद्या ती बदलायची का, कशी बदलायची, हे ज्यांचा हक्क आहे त्यांनी ठरवायचं. माझ्या मैत्रिणीच्याच घरात यावर दोन मतं आहेत. तिचा भाचा म्हणतो, विकायचा हक्क हवाच. कोकम म्हणायची, विकायला लागलो की जनावर आपल्यापाशी येणं सोडेल.

आता मैत्रिणीच्या दुसऱ्या वाक्याकडे येते. कोकमने पैसे घेतले नाहीत ते कायद्याच्या भीतीने नाही.

माझे आजोबा सांगत, त्यांच्या तरुणपणी गावात पारध निघायची. रानडुक्कर पडलं की देवळाजवळच्या आंब्याखाली वाटे घालत. ज्याचा बार लागला त्याला वेगळा मान, हाकाऱ्यांना वाटा, पारधीत नसलेल्या विधवेच्या घरी वाटा, आणि कुत्र्यालाही वाटा. वाटे घालणारा माणूस स्वतःचा वाटा शेवटी उचलायचा. 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि ते दिवस गेले, ते परत यावेत असंही मी म्हणत नाही. पण "वाटा" या शब्दाचं वजन आपल्याला शिकवावं लागत नाही. सागोतीचा वाटा कुणाकडे पोचला नाही तर दोन पिढ्या अबोला धरणारी आपली माणसं. कोकमने मला दिला तो वाटा होता, आणि मी त्याची किंमत काढली. आमच्या गावात कुणी तसं केलं असतं तर आजोबांनी पुन्हा त्याच्या दारात पाय ठेवला नसता.

क्री भाषेत एक शब्द आहे, वाहकोहतोविन. सगळ्यांशी असलेलं नातं, त्यात जनावरं, पाणी, जमीनही आली. दुसरा मियो-वीचेहतोविन, म्हणजे एकमेकांशी नीट वागत राहणं. करार हे या शब्दांच्या आत बसतात असं तिथले वडीलधारे मानतात. करार म्हणजे सौदा नाही, सोयरीक. मुलाने मारलेला पहिला प्राणी घरात ठेवत नाहीत, म्हाताऱ्यांना आणि शेजाऱ्यांना देऊन टाकतात. माझ्या मैत्रिणीच्या भाच्याने तेराव्या वर्षी पहिला मूस मारला तेव्हा एवढासा तुकडाही स्वतः खाल्ला नाही. मूस हे प्रकरण साधं नाही. मोठा नर चार-पाचशे किलोचा असतो, त्यातून दोनशे किलोच्या वर मांस निघतं. एकट्या घराने ते संपवायचं नसतंच. तो पडतो तोच मुळी वाटण्यासाठी.

त्यात आपल्यालाही वाटा मिळतो, याचा अर्थ काय? आपण परके नाही असं त्यांनी म्हटलं, एवढाच. इथल्या शाळांत 2007 पासून कराराचं शिक्षण सक्तीचं आहे. "आपण सगळेच कराराचे लोक" हे वाक्य आपली मुलं पहिली-दुसरीतच शिकून येतात. आपण ते ऐकतो आणि होमवर्क झालं का विचारतो. इथे जमीन विकत घेऊन घर बांधायचा आपला हक्क त्याच 1876 च्या कागदावर उभा आहे. त्या कागदाची एक बाजू आपण रोज वापरतो. दुसरी बाजू कुणी वापरली की आपल्याला ती "सवलत" दिसते.

त्या लॉटरीच्या तक्रारीबद्दल थोडं. हो, बऱ्याच भागांत मूसच्या लायसन्ससाठी आपल्याला ड्रॉमध्ये नाव घालावं लागतं, वर्षानुवर्षं नंबर लागत नाही. पण रांगेचा क्रम का तसा आहे ते पाहा. 1982 च्या राज्यघटनेचं कलम 35 आणि 1990 चा स्पॅरो निकाल यांनी ठरवलं: आधी प्राण्याचं रक्षण, मग आदिवासींचं अन्न आणि समारंभ, मग बाकीचे. प्राण्याचं रक्षण त्यांच्याही आधी आहे, हे विसरू नका. मॅनिटोबात मूस घटले तेव्हा काही भागांत हक्कधारकांसह सगळ्यांचीच शिकार बंद केली गेली. आपण शिकार करतो ती हौसेने, उमेदीने, क्वचित खाण्यासाठी. 1993 मध्ये ऑन्टॅरिओत पाउली नावाच्या मेटिस (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजातल्या) बापलेकांनी मूस मारला आणि त्याला हाताने लिहिलेली चिठ्ठी बांधली, की हे माझं हिवाळ्याचं मांस. दहा वर्षं खटला लढले, 2003 मध्ये जिंकले. हिवाळ्याचं मांस आणि वीकेंडची शिकार एकाच रांगेत कशी उभी करणार?

आणि "त्यांना फुकट" हे बोलणं फक्त बोलणं राहत नाही. मार्च 2020 मध्ये, कोविडचे पहिलेच दिवस, अल्बर्टात ग्लेनडन गावाजवळ मेटिस समाजातले दोन नातेवाईक मूसची शिकार करून परतत होते. अनोळखी लोकांनी चोरीच्या संशयावरून त्यांचा गाडीतून पाठलाग केला आणि गोळ्या घातल्या. दोघेही रस्त्यावर मेले. मारणाऱ्या बापलेकांना 2022 मध्ये दोषी ठरवलं गेलं. माझ्या मैत्रिणीचा भाचा त्या वर्षी रात्री एकटा गाडी चालवत घरी येईना. आपण ग्रुपवर जे टंकतो ते त्या रस्त्यावरच्या हवेत मिसळतं. मी हे अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाहीये.

आपल्यापैकी काहींनी गडचिरोलीत कामं केली आहेत, मेंढा-लेखाला जाऊन आलेले आहेत. तिथल्या ग्रामसभेला 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः द्यायचा अधिकार मिळाला तेव्हा आपण इथे बसून अभिमानाने फोटो फिरवले. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचे पारंपरिक हक्क मान्य केले, शिकारीचा हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला. तिथली कारणं वेगळी, जंगल वेगळं, मी तुलना ताणत नाही. पण माडिया-गोंडांच्या बांबूवर ज्यांचं मन भरून येतं त्यांनी क्रींच्या मूसवर हिशेब मांडावा, हे मला समजत नाही.

माझी अजून एक जखम आहे, ती सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. मी काम करत होते त्या वृद्धाश्रमात एक क्री आजोबा होते. शेवटच्या महिन्यांत जेवण सुटलं होतं. मूसचं सूप मागायचे, रोज. त्यांच्या मुलीने करून आणलं. स्वयंपाकघराने नाही म्हटलं: तपासणी न झालेलं मांस, नियमात बसत नाही. डबा मी स्वतः परत केला. ते पंधरा दिवसांनी गेले. नंतर मला कळलं की ऑन्टॅरिओत सू लुकआऊटच्या रुग्णालयात शिकाऱ्यांनी दिलेलं मूस आणि इतर रानातलं अन्न रुग्णांना रीतसर शिजवून वाढतात, त्या कार्यक्रमाचं नावच 'मीचिम', म्हणजे अन्न. म्हणजे करता येतं. नियम माणसं लिहितात, माणसं बदलतात. आपल्यात नर्सेस आहेत, डॉक्टर आहेत, दोघी-तिघी आहारतज्ज्ञ आहेत, वृद्धाश्रमांच्या ऑफिसांत बसणारे आहेत. तुमच्या खुर्चीवरून हा प्रश्न एकदा विचारा: आमच्याकडे हे का होत नाही? तुम्ही विचारलंत तर उत्तर द्यावं लागेल. माझ्यासारख्या केअर एडला द्यावं लागलं नाही.

मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे. ग्रुपवरचा तो मेसेज काढा, आणि का काढला ते दोन ओळींत लिहा. फूड फेस्टिव्हलला "गेम मीट" चा स्टॉल लावायची जी कल्पना निघाली आहे ती सोडून द्या. ज्यांना चव घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी पाळलेल्या बायसनचं मांस दुकानात मिळतं, बिनघोर घ्या, तांबडा रस्साही उत्तम होतो. गणेशोत्सवाच्या सुरुवातीला आपण सहाव्या कराराच्या भूमीला वंदन करणारा परिच्छेद वाचतो. मागच्या वर्षी तो वाचणाऱ्याला नावं उच्चारता आली नाहीत आणि सभागृहात हशा झाला. मी पहिल्या रांगेत होते, शेजारी माझी मैत्रीण बसली होती. या वर्षी वाचणाऱ्याने आधी कुणाकडे तरी बसून ती नावं शिकून घ्यावीत. शिकायला जाताना तंबाखू न्यावी, ही तिथली रीत आहे. जसा आपण नारळ नेतो.

आणि प्रांत सरकार जेव्हा शिकारीच्या नियमांवर लोकांची मतं मागवतं, तेव्हा आपणही लिहू या. 2022 च्या सुरुवातीपासून सास्कॅचेवानमध्ये खासगी जमिनीवर शिकारीला जाण्याआधी मालकाची परवानगी घेणं बंधनकारक झालंय. मोकळी सरकारी जमीन विकली गेली, भाड्याने गेली की हक्क कागदावर राहतो आणि जायला जागा राहत नाही. आपल्यातल्या ज्यांनी शेतजमिनी घेतल्यात त्यांच्या हातात तर एक सोपी गोष्ट आहे. शेजारच्या रिझर्व्हवरचा कुणी विचारायला आला तर हो म्हणा.

ज्यांच्या घरी कधी वाटा आलाच आणि नियमात बसला, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. हरीण किंवा एल्क (मोठं सांबरासारखं हरीण) असेल तर क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या जीवघेण्या रोगाची तपासणी झाली का हे नम्रपणे विचारा. हा रोग या प्रांतातल्या रानात 2000 पासून आहे, मूसमध्येही सापडलाय, आणि रोग निघालेल्या जनावराचं मांस खाऊ नये असंच सांगतात. शिकारी स्वतःच तपासणीला डोकं पाठवतात, त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही. आणि मूसला चरबी जवळजवळ नसते. वाटण सढळ, तेल थोडं जास्त, आच मंद, तीन तास. घाई केलीत तर चामडं होईल. टाकू नका. त्यातलं काहीही टाकणं हा तिथे मोठा दोष मानतात.

परतफेड कशी करायची, हे मला अनेकांनी विचारलंय. मी चौदा वर्षांत कोकमकडे चहा नेला, साखर नेली, पिठाची पोती नेली, तिच्या गुडघ्यांना तेल लावलं, तिला दवाखान्यात नेऊन आणलं. हिशेब कधी जुळला नाही. तो जुळवायचा नसतो, हे मला आजोबांच्या वाट्यांवरून आठवायला हवं होतं. कोकम मागच्या हिवाळ्यात गेली. तिच्या फ्रीझरमधल्या गठ्ठ्यांवर तिच्या हातची नावं लिहिलेली निघाली, कुणाला काय द्यायचं ती. मैत्रिणीने सगळी पोचवली.

येत्या शनिवारी तिच्या भावाच्या गॅरेजमध्ये या मोसमातला पहिला मूस कापायचा आहे. दिवसभराचं काम आहे आणि हात कमी आहेत. मी जाणार आहे, माझ्या गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. त्यांना विचारून झालंय, तीन माणसं चालतील म्हणाले. मांस घरी आणायला यायचं नाही, कापायला आणि बांधायला यायचं. जेवण तिथेच आहे. आपापली धारदार सुरी, एप्रन आणि गरम मोजे आणा. पाकीट गाडीतच ठेवा. सकाळी सहाला निघू, आणि मेसेज टाकणारे आपले दादा येणार असतील तर पुढची सीट त्यांची.

तुमचीच,
मंडळाची एक सभासद
सास्काटून